आधी विचारा, ‘मी’ कोणाचा? : डायरेक्टचं रिपोर्टेड स्पीच करताना

पालकांची मीटिंग सुरू व्हायची होती. सहावीतला एक मुलगा वर्गाच्या दारात येऊन थांबला आणि घरून पाठ करून आणलेलं वाक्य एका दमात म्हणाला, "टीचर, माय मदर सेड दॅट आय ॲम नॉट कमिंग टुडे." ‘सेड’ जागेवर होतं, ‘दॅट’ही होतं. पण वाक्याचा अर्थ असा झाला, की आई म्हणाली, हा मुलगा आज येणार नाही. आणि मुलगा तर माझ्या समोर उभा.

त्याच्या मनातलं मराठी वाक्य अगदी बरोबर होतं : "आई म्हणाली की मी आज येत नाही." मराठीत हे ऐकून कोणी गोंधळत नाही. इथला ‘मी’ आईचा, हे ऐकणाऱ्याला आपसूक कळतं. उलट तो "आई म्हणाली की ती आज येत नाही" असं म्हणाला असता, तर मीच विचारलं असतं, ‘ती’ म्हणजे कोण रे, तुझी ताई? निरोप सांगताना आपण मूळ माणसाचे शब्द जसेच्या तसे पुढे ठेवतो आणि त्यांना ‘असं म्हणाली’ एवढं जोडतो. कोकणीतही रीत हीच. इंग्रजीत मात्र ही रीत अवतरणचिन्हांच्या आतच, म्हणजे डायरेक्ट स्पीचमध्येच चालते. चिन्हं काढून रिपोर्टेड स्पीच केलं की निरोप सांगणाऱ्याला स्वतःच्या जागी उभं राहून, स्वतःच्या वेळेतून बोलावं लागतं.

मी गोव्यातल्या डिचोली तालुक्यात इंग्रजी शिकवते. आमच्याकडची बरीच मुलं चौथीपर्यंत मराठी शाळेत शिकून पाचवीत इंग्रजी माध्यमात येतात. मीही तशीच आले. म्हणून खात्रीने सांगते, या धड्यात मुलं चुकतात ती बदलांचं कोष्टक पाठ नसल्यामुळे कमी, आणि कान मराठी असल्यामुळे जास्त. तो कान कुठे आडवा येतो आणि कुठे मदतीला येतो, हे एकदा ओळखलं की धडा सुटतो.

खालची इंग्रजी वाक्यं मी देवनागरीत लिहिली आहेत. ती आधी मोठ्याने म्हणा, मग वहीत इंग्रजी लिपीत उतरवा. हा धडा डोळ्यांपेक्षा कानाने लवकर येतो.

लिहायच्या आधी चार प्रश्न

वहीच्या समासात पेन्सिलीने चार गोष्टी लिहा : बोललं कोण, कोणाशी, आता सांगतंय कोण, आणि मधे वेळ किंवा जागा बदलली का. घाईत मुलं हे टाळतात आणि थेट ‘वॉज’ लिहायला धावतात. पण पुढचा प्रत्येक बदल या चार उत्तरांतूनच निघतो.

एक वाक्य घेऊ. सुनीता सेड टू मोहन, "आय विल मीट यू हिअर टुमॉरो." बोलली सुनीता, ऐकलं मोहनने, सांगतोय तिसराच कोणीतरी, दुसऱ्या जागी, काही दिवसांनी. आता वाक्य बघा : सुनीता टोल्ड मोहन दॅट शी वुड मीट हिम देअर द नेक्स्ट डे. ‘आय’ची झाली ‘शी’, कारण बोलणारी सुनीता. ‘यू’चा झाला ‘हिम’, कारण ऐकणारा मोहन. ‘विल’चं ‘वुड’, कारण बोलणं होऊन गेलं. ‘हिअर’चं ‘देअर’, कारण जागा सुटली. ‘टुमॉरो’चं ‘द नेक्स्ट डे’, कारण तो उद्या आता उद्या राहिलेला नाही. पाच बदल, आणि प्रत्येकाला कारण आहे. कारण सांगता आलं तर कोष्टक विसरलं तरी वाक्य बरोबर येतं.

पायरी पहिली : ‘से’ की ‘टेल’

‘से’ आणि माणूस यांच्यामध्ये ‘टू’ लागतो. ‘टेल’ माणसाला थेट चिकटतं. म्हणून "ही सेड मी" चूक आणि "ही टोल्ड दॅट" हेही चूक. दुसरी चूक आमच्याकडे फार दिसते, आणि ती कुठून येते तेही उघड आहे. मराठीत "त्याने सांगितलं की" हे कोणाला सांगितलं ते न सांगताही चालतं. इंग्रजीत ‘टोल्ड’ लिहिलंत की लगेच पुढे माणूस लिहा : टोल्ड मी, टोल्ड हर, टोल्ड द टीचर. कोणाला सांगितलं ते माहीत नसेल तर सरळ ‘सेड’ वापरा. टेल अ लाय, टेल द ट्रुथ अशा ठरलेल्या प्रयोगांना माणूस नसला तरी चालतो, ते वेगळे.

डायरेक्ट वाक्यात ‘सेड टू’ आणि पुढे माणूस असेल तर त्याचं ‘टोल्ड’ करायचं. ‘सेड’ एकटंच असेल तर ते तसंच राहतं. मग स्वल्पविराम आणि अवतरणचिन्हं काढा आणि ‘दॅट’ लिहा. बोलताना ‘दॅट’ गाळलं तरी बिघडत नाही, पण परीक्षेत लिहावं.

पायरी दुसरी : सर्वनामं

शाळेत यासाठी एक सूत्र शिकवतात. एक, दोन, तीन म्हणजे एस, ओ, एन (सब्जेक्ट, ऑब्जेक्ट, नो चेंज). प्रथम पुरुष बाहेरच्या वाक्यातल्या कर्त्याप्रमाणे बदलतो, द्वितीय पुरुष कर्माप्रमाणे, तृतीय पुरुष बदलत नाही. सूत्र चांगलं आहे, मीही फळ्यावर लिहिते. फादर सेड टू मी, "यू मस्ट फिनिश युअर होमवर्क." इथे ‘यू’ बाहेरच्या ‘मी’प्रमाणे बदलणार, म्हणून : फादर टोल्ड मी दॅट आय हॅड टू फिनिश माय होमवर्क. ‘युअर’चं ‘माय’ करायला विसरू नका. निम्मी मुलं ‘आय’ बरोबर लिहितात आणि पुढे ‘युअर’ तसंच ठेवतात.

सूत्र फसतं ते ‘वी’पाशी. भाऊ आणि मी चोडणच्या फेरीबोटीसाठी रायबंदरला धावतोय आणि तो म्हणाला, "वी आर लेट." सूत्र लावलं तर ‘वी’ बदलायला हवा. पण त्या ‘आपण’मध्ये मीसुद्धा आहे, म्हणून : माय ब्रदर टोल्ड मी दॅट वी वर लेट. मराठीत यासाठी ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असे दोन शब्द आहेत, इंग्रजीत एकच. म्हणून ‘वी’ दिसला की मनात मराठी करून बघा. अर्थ ‘आपण’ निघाला आणि त्यात सांगणाराही असला, तर ‘वी’ राहतो. ‘आम्ही’ निघाला आणि सांगणारा त्यात नसेल, तर ‘दे’ होतो. मराठी कान उपयोगी पडतो तो असा.

दोन पुरुष किंवा दोन बायका एकमेकांशी बोलत असतील आणि ‘ही’ किंवा ‘शी’ कोण ते कळेनासं झालं, तर तिथे सरळ नाव लिहा.

पायरी तिसरी : काळ

आधी अवतरणाबाहेरचं क्रियापद बघा. ते ‘सेज’ किंवा ‘विल से’ असेल तर आतला काळ जागचा हलत नाही. शी सेज, "आय ॲम टायर्ड." याचं शी सेज दॅट शी इज टायर्ड एवढंच होतं. सर्वनाम बदललं, काळ नाही. बाहेर ‘सेड’, ‘टोल्ड’, ‘आस्क्ड’ असं भूतकाळी क्रियापद असेल तरच आतला काळ एक पायरी मागे जातो.

इथे मुलांना मनापासून एक शंका येते. आठवीतल्या एका मुलीने मला विचारलं होतं, "टीचर, तो म्हणाला मला ताप आहे. मी ‘ही हॅड फीव्हर’ लिहिलं, तर आता त्याचा ताप उतरला असा अर्थ होतो ना?" तिचा प्रश्न योग्यच होता, कारण मराठीत ‘त्याला ताप होता’ म्हटलं की ताप उतरल्यासारखं वाटतं. म्हणून मराठीत आपण काळ बदलतच नाही : ‘तो म्हणाला की मला ताप आहे.’ इंग्रजीतलं हे ‘हॅड’ ताप उतरल्याचं सांगत नाही. ते ‘सेड’च्या मागोमाग आलंय, एवढंच. त्याने सांगितलं त्या वेळी ताप होता. आज आहे की नाही, त्याबद्दल वाक्य गप्प आहे. मी तिला म्हटलं, दोन्ही क्रियापदं एकाच दोरीला बांधलेली आहेत. एक मागे ओढलं की दुसरंही मागे येतं.

आता एकच क्रियापद सगळ्या काळांतून चालवून बघू, म्हणजे ओळ जिभेवर बसेल. ‘गो’चं होतं ‘वेंट’. ‘इज गोइंग’चं ‘वॉज गोइंग’. ‘हॅज गॉन’चं ‘हॅड गॉन’. ‘वेंट’चंही ‘हॅड गॉन’. म्हणजे पूर्ण वर्तमान आणि साधा भूत हे दोन रस्ते एकाच तिठ्यावर येऊन मिळतात. ‘वॉज गोइंग’ आणि ‘हॅज बीन गोइंग’ हे दोन्ही ‘हॅड बीन गोइंग’ होतात. ‘हॅड गॉन’च्या मागे जायला जागाच नाही, म्हणून ते तसंच. सहायक क्रियापदांत ‘विल’चं ‘वुड’, ‘कॅन’चं ‘कुड’, ‘मे’चं ‘माइट’. सक्तीचा ‘मस्ट’ असेल तर ‘हॅड टू’. पण अंदाजाचा ‘मस्ट’ जागचा हलत नाही : ही सेड, "शी मस्ट बी ॲट होम." ही सेड दॅट शी मस्ट बी ॲट होम. ‘वुड’, ‘कुड’, ‘माइट’, ‘शुड’ आणि ‘यूज्ड टू’ हे मुळातच मागच्या पायरीवर असल्यासारखे आहेत, त्यांना हात लावू नका.

काळ मागे न जाण्याच्या आणखी जागा परीक्षेत नेमक्या विचारतात. जे कायमचं खरं आहे ते बदलत नाही. द टीचर सेड, "द मांडवी फ्लोज इंटू द अरेबियन सी." इथे ‘फ्लोज’ राहतं, मांडवी आजही समुद्रालाच मिळते. इतिहासातली ठरलेली घटनाही बदलत नाही. द टीचर सेड, "गोवा वॉज लिबरेटेड इन १९६१." याचं ‘हॅड बीन लिबरेटेड’ करायचं नाही. इंग्रजीत ‘हॅड बीन’ म्हटलं की ते दुसऱ्या कशाच्या तरी आधी घडलं असं सुचतं, आणि इथे तुलनेला दुसरं काही नाही. सन दिसला की थांबा आणि विचार करा. तिसरी जागा कल्पनेतल्या ‘इफ’ची. ही सेड, "इफ आय वर यू, आय वुड वेट." यातले काळ तसेच राहतात, फक्त सर्वनामं बदलतात.

शी सेड, "आय लिव्ह इन साखळी." ती अजून साखळीलाच राहत असेल तर ‘लिव्ह्ज’ आणि ‘लिव्ह्ड’ दोन्ही बरोबर. परीक्षेत मात्र काळ मागे नेणं सुरक्षित.

पायरी चौथी : वेळ आणि जागा

‘नाऊ’चं ‘देन’, ‘टुडे’चं ‘दॅट डे’, ‘यस्टरडे’चं ‘द डे बिफोर’, ‘लास्ट नाइट’चं ‘द नाइट बिफोर’, ‘अगो’चं ‘बिफोर’, ‘धिस’चं ‘दॅट’, ‘दीज’चं ‘दोज’. ही यादी दोन दिवसांत पाठ होते.

पण बदल का होतो ते लक्षात ठेवा. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात भाजीवाली म्हणाली, "कम टुमॉरो." हे तुम्ही त्याच संध्याकाळी घरी सांगताय तर ‘टुमॉरो’च राहील, कारण तिचा उद्या आणि तुमचा उद्या एकच. सोमवारी सांगाल तेव्हा ‘द नेक्स्ट डे’ होईल. पुस्तकातल्या वाक्यात कधी सांगितलं ते दिलेलं नसतं, म्हणून तिथे बदलायचं.

प्रश्न : इथे कान मराठीच ठेवा

प्रश्नांचा भाग सगळ्यांना अवघड वाटतो. मला वाटतं, मराठी मुलांना तो सगळ्यात सोपा जायला हवा. इंग्रजीत प्रश्न विचारताना शब्दांची जागा बदलते : ‘ही इज’चं ‘इज ही’ होतं, किंवा मधे ‘डू’, ‘डज’, ‘डिड’ येतं. मराठीत काही हलत नाही. ‘तो कुठे राहतो?’ हा प्रश्न, आणि ‘तो कुठे राहतो ते तिने विचारलं’ यातही तोच क्रम. रिपोर्टेड प्रश्नात इंग्रजी अगदी हेच करते. शब्द पुन्हा साध्या विधानाच्या क्रमात येतात, ‘डज’ निघून जातं आणि प्रश्नचिन्हही जातं.

शी सेड टू मी, "व्हेअर डज ही लिव्ह?" याचं शी आस्क्ड मी व्हेअर ही लिव्ह्ड. ‘डज’ काढल्यावर काळ दाखवायचं काम ‘लिव्ह’वर आलं, म्हणून ‘लिव्ह्ड’. चूक होते ती "शी आस्क्ड मी व्हेअर डिड ही लिव्ह" अशी. तुमच्या उत्तरात कर्त्याच्या आधी क्रियापद आलेलं दिसलं तर ते खोडा. ‘हू’ स्वतःच कर्ता असतो तिथे क्रम मुळातच बदललेला नसतो : "हू ब्रोक द ग्लास?" याचं ही आस्क्ड हू हॅड ब्रोकन द ग्लास.

‘व्हेअर’, ‘व्हाय’, ‘हाऊ’ असा प्रश्नशब्द असेल तर तोच जोडणीचं काम करतो. प्रश्नशब्द नसेल, म्हणजे मराठीत शेवटी ‘का’ येईल असा प्रश्न असेल, तर ‘इफ’ किंवा ‘व्हेदर’ लावा. ‘तू जेवलास का?’ आई सारखं विचारते तेच : मदर सेड टू हिम, "हॅव यू ईटन?" मदर आस्क्ड हिम इफ ही हॅड ईटन. ‘का’ च्या जागी ‘इफ’, एवढं ध्यानात ठेवलं तरी पुरे. ‘दॅट’ मात्र प्रश्नात कधीच नको. "आस्क्ड दॅट" लिहिलंत तर तेवढ्यावर वाक्य चुकलं.

सांगणं, विनंती, सल्ला

सकाळी पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलचा पोंपों ऐकला की आजी आतून ओरडते, "उद्या चार पोई जास्त आण." हे इंग्रजीत सांगायचं तर ‘दॅट’ची गरज नाही. आज्ञा असली की ‘टू’ आणि मूळ क्रियापद : ग्रँडमदर टोल्ड द बेकर टू ब्रिंग फोर एक्स्ट्रा पोईज द नेक्स्ट डे. नकार असेल तर ‘टू’च्या आधी ‘नॉट’. डॉक्टर सेड टू हिम, "डोन्ट ईट फ्राइड फूड." द डॉक्टर ॲडव्हाइज्ड हिम नॉट टू ईट फ्राइड फूड. ‘डोन्ट’ आत राहू देऊ नका.

बाहेरचं क्रियापद निवडताना सूर ऐका. मोठ्यांनी सांगितलं तर ‘टोल्ड’, अधिकाराने हुकूम केला तर ‘ऑर्डर्ड’, ‘प्लीज’ असेल तर ‘रिक्वेस्टेड’, हितासाठी असेल तर ‘ॲडव्हाइज्ड’, धोका दाखवला तर ‘वॉर्न्ड’. ‘रिक्वेस्टेड’मध्ये विनंती आलीच, म्हणून ‘प्लीज’ गळतं.

‘लेट्स’ वेगळं आहे. ही सेड टू अस, "लेट्स गो टू द जत्रा." ही सजेस्टेड दॅट वी शुड गो टू द जत्रा, किंवा थोडक्यात ही सजेस्टेड गोइंग टू द जत्रा. मराठीत ‘मला सुचवलं’ म्हणतो म्हणून "सजेस्टेड मी" लिहावंसं वाटतं. ते इंग्रजीत चालत नाही.

उद्गार

हे पटकन होतं. चवथीला (गणेशचतुर्थीला) कोणाच्या घरी जाऊन वर टांगलेली माटोळी, म्हणजे गणपतीवरची फळापानांची आरास, बघितली आणि तोंडून निघालं, "व्हॉट अ ब्युटिफुल माटोळी!" सांगताना : शी एक्सक्लेम्ड दॅट इट वॉज अ व्हेरी ब्युटिफुल माटोळी. ‘व्हॉट अ’ किंवा ‘हाऊ’ गेलं, ‘व्हेरी’ आलं, वाक्य विधान झालं. ‘हुरा’ किंवा ‘अलास’ असेल तर ‘विथ जॉय’, ‘विथ सॉरो’. "थँक यू" असेल तर सरळ ‘थँक्ड’ क्रियापद वापरा, "गुड मॉर्निंग" असेल तर ‘ग्रीटेड’.

सगळं एकत्र आलं तर

उताऱ्यात प्रश्न, विधान आणि आज्ञा एकापाठोपाठ येतात आणि मुलं सगळ्यांना एकच ‘सेड दॅट’ लावून मोकळी होतात. तसं करू नका. प्रत्येक वाक्याला त्याचं क्रियापद द्या.

माय आंट सेड टू मी, "व्हेअर आर यू गोइंग? इट इज रेनिंग. टेक माय अम्ब्रेला. आय विल कम फॉर इट टुमॉरो."

आधी तुकडे पाडा. पहिला प्रश्न, दुसरं विधान, तिसरी आज्ञा, चौथं पुन्हा विधान. मग : माय आंट आस्क्ड मी व्हेअर आय वॉज गोइंग. शी सेड दॅट इट वॉज रेनिंग अँड टोल्ड मी टू टेक हर अम्ब्रेला. शी ॲडेड दॅट शी वुड कम फॉर इट द नेक्स्ट डे. ‘ॲडेड’ हा शब्द इथे फार कामाचा. तोच माणूस पुढे बोलत राहिला तर पुन्हा ‘सेड’ लिहावं लागत नाही.

सरावाला

उत्तरं झाकून आधी स्वतः करा.

कंडक्टर सेड टू अस, "डू यू हॅव चेंज?"
शी सेड, "आय लॉस्ट माय बस पास यस्टरडे."
द टीचर सेड टू हिम, "व्हाय डिडन्ट यू कम?"
ग्रँडमदर सेड टू मी, "डोन्ट गो निअर द वेल."
सर सेड, "गोवा बिकेम अ स्टेट इन १९८७."

उत्तरं अशी. कंडक्टर आस्क्ड अस इफ वी हॅड चेंज. शी सेड दॅट शी हॅड लॉस्ट हर बस पास द डे बिफोर. द टीचर आस्क्ड हिम व्हाय ही हॅड नॉट कम. ग्रँडमदर वॉर्न्ड मी नॉट टू गो निअर द वेल. शेवटच्यात ‘बिकेम’ तसंच, सन दिलेला आहे : सर सेड दॅट गोवा बिकेम अ स्टेट इन १९८७.

आणि सहावीतल्या त्या मुलाचं वाक्य. त्याला मी दोन प्रश्न विचारले : बोललं कोण, आणि तू सांगतोयस कधी? "आई," तो म्हणाला, "आणि आजच." मग त्यानेच वाक्य केलं : माय मदर सेड दॅट शी वॉज नॉट कमिंग टुडे. ‘टुडे’चं ‘दॅट डे’ केलं नाही. मी का म्हणून विचारलं, तर म्हणाला, "टीचर, आज अजून आजच आहे ना."